पिशवी आतली, पिशवी बाहेरची

ज्या देहात आपण सत्तर वर्षे राहतो, त्याच्या आतल्या खोल्यांची आपल्याला ओळखदेख नसते. आम्हांला आमच्या मूत्राशयाची खरी ओळख वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी झाली. आणि ओळख होते न होते तोच त्याला निरोप द्यावा की न द्यावा, हा प्रश्न पुढ्यात येऊन उभा राहिला. वाचकहो, विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु न बोलण्यानेच आमचे चार महिने वाया गेले, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही शिक्षक म्हणून गोरेगावी आलो, तेव्हा हा मुलूख परभणी जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि गाव न सोडताच आम्ही दुसऱ्या जिल्ह्याचे रहिवासी झालो. निवृत्तीनंतर मुलगा पुण्याला बोलावीत होता, पण पाय निघाला नाही. आपल्या धर्माची घरे येथे नावापुरतीच, मिस्सासाठी एस.टी.ने दूर जावे लागते. तरी शेजार जिव्हाळ्याचा, आणि ज्यांना बाराखडी शिकविली त्यांची नातवंडे आज ‘गुरुजी’ म्हणून वाकून नमस्कार करतात. आणखी काय हवे?

दोन वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात एके सकाळी लघवी लाल झाली. वेदना मुळीच नव्हती. ऊन मी म्हणत होते. तेव्हा उन्हाळी लागली असेल, असे आमचे आम्हीच ठरविले. सौभाग्यवतींनी धन्याचे पाणी दिले, सब्जा भिजवला, माठात वाळा टाकला. दोन दिवसांत रंग निवळला आणि आम्ही वाळ्याला श्रेय देऊन मोकळे झालो. पुन्हा लाल झाली तेव्हा एका डॉक्टरांनी जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या; पुन्हा निवळली. पुढे कळले ते असे, की मूत्राशयाच्या कर्करोगाची ही जुनी खोडच आहे. तो रक्त दाखवितो, मग लपतो. आणि दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, ती कबूल केलीच पाहिजे. तरुणपणापासून पंचेचाळिशीपर्यंत आम्ही विड्या ओढल्या. धूर फुप्फुसात जातो एवढेच आम्हांला माहीत होते. त्यातील विष रक्तात मिसळते, मूत्रपिंडे ते गाळून लघवीत टाकतात, आणि ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते, हा हिशेब शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या माणसालाही सुचला नाही.

आषाढात नांदेडला दुर्बिणीची तपासणी झाली. आत गाठ दिसली. ती दुर्बिणीतूनच खरवडून काढून तपासणीला पाठविली. अहवालाची वाट पाहताना आम्ही एका आशेवर होतो. गाठ वरवरची असेल तर बी.सी.जी. लस मूत्राशयात सोडून उपचार करतात, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले होते. क्षयाविरुद्धची ही लस १९२१ साली फ्रान्समध्ये प्रथम माणसाला दिली गेली, कॅनडातील डॉ. आल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली तिचा मूत्राशयाच्या कर्करोगावरील उपयोग प्रसिद्ध केला. शाळेच्या ओट्यावर मुलांना रांगेत उभे करून जी लस आम्ही टोचवून घेतली, तीच म्हातारपणी आपल्या उपयोगी पडणार, याचे मोठे नवल वाटले. परंतु अहवालात रोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला निघाला. तेथे बी.सी.जी.चे काही चालत नाही.

मग परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, आणि परळचे टाटा रुग्णालय. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली उभारलेल्या या वास्तूच्या आसपास साऱ्या हिंदुस्थानचे दुःख फुटपाथवर चटई अंथरून बसलेले दिसते. तेथील डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आम्हांला मार्ग समजावून दिले. त्यांनी घाई केली नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा. आधी औषधांच्या फेऱ्या, मग मूत्राशय, त्याला लागून असलेली प्रोस्टेट ग्रंथी व लसीकाग्रंथी काढून टाकायच्या. लघवीला नवी वाट द्यायची ती दोन प्रकारे देता येते. लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडायच्या आणि त्याचे तोंड पोटावर उघडायचे. त्यावर बाहेरून पिशवी चिकटवायची. अमेरिकन शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केलेली ही पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे. किंवा आतड्याच्या अधिक लांब तुकड्याची आतच नवी पिशवी शिवायची. मग बाहेर काही दिसत नाही. मात्र या नव्या पिशवीला ‘भरले’ असे सांगणारी जाणीव नसते. घड्याळ लावून, रात्रीही उठून, ती रिकामी करावी लागते आणि मूत्रपिंडे चांगली लागतात.

दुसरा मार्ग मूत्राशय राखण्याचा. गाठ दुर्बिणीतून होईल तितकी काढायची आणि मग किरणोपचार व औषधे एकत्र द्यायची. २०२३ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात ७२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निवडक रुग्णांत रोग इतरत्र पसरण्याच्या बाबतीत दोन्ही मार्गांचे फळ जवळजवळ सारखेच दिसले. ‘निवडक’ हा शब्द डॉक्टरांनी कागदावर दोनदा अधोरेखित केला. आमची गाठ अशा जागी होती की तिने उजवी मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड फुगविले होते. “हा मार्ग तुमच्यासाठी बंद नाही, पण चिंचोळा आहे,” असे ते म्हणाले. शिवाय आयुष्यभर दुर्बिणीच्या तपासण्या, आणि रोग परतला तर शस्त्रक्रिया आहेच.

तिसरा मार्ग त्यांनी सांगितला नाही. आम्हीच मनात काढला होता. काहीही न करता गोरेगावी परतायचे. सत्तरी उलटली, मुले मार्गी लागली, नातवंडे पाहिली. या वयात एवढी चिरफाड कशासाठी? या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांना लहानमोठी काही ना काही गुंतागुंत होते, आणि उतारवयात काहीजण त्यातून उठतही नाहीत, हेही डॉक्टरांनी लपविले नव्हते. आम्ही विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “काही न करणं म्हणजे शांतपणे जाणं, असं मात्र समजू नका, गुरुजी. रक्ताच्या गुठळ्यांनी लघवी अडते, दुखणं हाडापर्यंत जातं. उपचार न घेतलेल्या बहुतेकांना दोन वर्षंही मिळत नाहीत.”

निर्णयाला तीन आठवड्यांची मुदत घेऊन आम्ही परतलो. ते तीन आठवडे आम्ही सर्वांना विचारीत सुटलो.

मुलगा शस्त्रक्रियेच्या बाजूचा. त्याने महेश मांजरेकरांचे उदाहरण दिले. साठी ओलांडल्यावर २०२१ साली त्यांच्यावर याच रोगासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि चित्रपटाचे काम चालू असतानाच आपण औषधोपचार घेत होतो, हे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. मुलगी परिचारिका. तिने अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांची हकीकत सांगितली. त्यांच्या लघवीत रक्त प्रथम १९६७ साली दिसले. मूत्राशय काढले ते १९७६ साली. आणि १३ जानेवारी १९७८ रोजी ते गेले. “बाबा, वेळ हेही औषधच असतं,” ती म्हणाली. दोघांच्या बोलण्यात प्रेम होते. पण दोघांनाही आम्ही आणखी वर्षे हवे होतो. ती वर्षे कशी असतील, हे कोणी बोलत नव्हते.

फादरांना विचारले. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणाची त्यांनी आठवण दिली. जीव जपण्यासाठी साधारण उपाय करण्यास माणूस बांधील आहे. स्वतःवर वा इतरांवर अतोनात ओझे टाकणारे असाधारण उपाय त्याने केलेच पाहिजेत असे नाही. “मग हे साधारण की असाधारण?” आम्ही विचारले. “ते ओझं कोणाकोणावर पडतं ते आधी पाहा,” एवढेच म्हणून त्यांनी आम्हांला आजाऱ्यांच्या अभ्यंगाविषयी सांगितले. तो केवळ मरणाच्या उंबरठ्यावरचा संस्कार नव्हे. गंभीर आजारातील मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ सालच्या नव्या विधीने ही गोष्ट स्पष्ट केली, तरी आपल्या घरांत फादर तेलाची कुपी घेऊन आले की अजूनही रडू फुटते.

ओझे हा शब्द घेऊन आम्ही घरी आलो आणि रात्री कपाटातील जुनी सुश्रुतसंहिता काढली. मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याचा विधी तीत आहे. विधी सांगण्यापूर्वी सुश्रुत एक इशारा देतो: न केले तर मृत्यू ठरलेला, केले तरी यश संशयित, म्हणून वैद्याने ‘ईश्वरा’ला विचारून मगच शस्त्र हाती घ्यावे. येथे ईश्वर म्हणजे राजा किंवा धनी, असा अर्थ लावतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही हाच पेच पडला होता, याने धीर आला. पण आमचा धनी कोण?

पुढच्या तपासणीला परळला गेलो, तेव्हा बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. एस.टी.चे निवृत्त चालक. त्यांचे मूत्राशय चार वर्षांपूर्वी काढलेले. आमचा प्रश्न ऐकून त्यांनी सरळ सदरा वर केला आणि पिशवी दाखविली. तीन-चार तासांनी ती खालच्या तोटीने रिकामी करायची. रात्री तिला नळी जोडून मोठ्या पिशवीत सोडायचे, म्हणजे झोपमोड नाही. तीन-चार दिवसांनी बदलायची. मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते, तेव्हा जवळ एक जोड ठेवायचा. पहिले सहा महिने वाईट गेले, हेही त्यांनी सांगितले. प्रवासात एकदा पिशवी गळाली आणि ते स्थानकावर तासभर भिंतीला टेकून उभे राहिले. मग हसून म्हणाले, “आता नातवाच्या शाळेत जातो. कोणाला पत्ता नसतो.” आमच्या सौ. तोवर मुकाट्याने ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “पिशवी बदलतं कोण?” चालक म्हणाले, “सुरुवातीला मंडळी. आता मीच.”

गाडीत सौ. बोलल्या नाहीत. मनमाड गेल्यावर म्हणाल्या, “अहो, तुम्ही मुलाला विचारलंत, मुलीला विचारलंत, फादरांना विचारलंत. मला कुठं विचारलंत?”

आम्ही म्हणालो, “तुझ्यावरच तर भार नको. गुडघ्यांनी तू आधीच बेजार. घरी परत जावं, असं म्हणूनच तर मनात येतं.”

“हेच मला सलतं,” त्या म्हणाल्या. “पिशवी धुवायचं मला काही वाटत नाही. चार लेकरांचं केलं, सासूबाईंचं केलं. पण तुम्ही मला ओझं नको म्हणून मरायला निघालात, आणि मला न विचारता निघालात. तुम्हांला नको असेल तर नको म्हणा. मी सोबत आहे. फक्त माझ्या नावावर नको म्हणू नका.”

डबा अंधारात धडधडत होता. एकेचाळीस वर्षांच्या संसारात इतके लख्ख वाक्य आम्ही ऐकले नव्हते. त्या रात्री आम्ही उभयता प्रथमच मोकळेपणाने बोललो. दांपत्यजीवनाचा एक भाग या शस्त्रक्रियेने संपतो, हे डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही त्यांच्यापासून लपविले होते. त्यांना ते मुलीकडून आधीच कळले होते. काय जमेल आणि काय जमणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. रात्री घड्याळ लावून दोनदोनदा उठविणे जमणार नाही. खाली बसून काही करणे जमणार नाही. उंच स्टूल आणि चांगला उजेड मिळाला तर पिशवी बदलणे जमेल. आतल्या पिशवीचा विचार तेथेच मिटला. आणि नवल असे, की परत जावे हा विचारही तेथेच मिटला. ज्या ओझ्याच्या भीतीने आम्ही पळत होतो, ते उचलणारीने वजन करून पाहिले होते.

मूत्रपिंडाची वाट नळी घालून मोकळी केली, औषधांच्या चार फेऱ्या झाल्या आणि मग शस्त्रक्रिया. आदल्या दिवशी आम्ही अभ्यंग घेतला. कोणी रडले नाही. पुढचे सारे सुरळीत झाले असे म्हटले तर खोटे होईल. आतडे आठ दिवस रुसले, जखम पिकली, आणि एका रात्री आपण चूक केली असेही वाटले. पिशवी लावण्याचे शिक्षण देणाऱ्या सिस्टरांनी आम्हांला आधी शिकवायला घेतले, तेव्हा सौ. स्टूल ओढून समोर बसल्या.

आज पिशव्या टपालाने येतात, कारण गोरेगावात मिळत नाहीत. नळाला पाणी नसेल तेव्हा एक हंडा त्यासाठी राखून ठेवतो. दर काही महिन्यांनी परळची वारी चालू आहे. रोग परतणार नाही, असे कोणी लिहून दिलेले नाही. पिशवी आता बहुधा आम्हीच बदलतो. तरी महिन्यातून एकदोनदा सौ. म्हणतात, “सरका, मी बघते,” आणि आम्ही सदरा वर धरतो.

वाचकहो, लघवीत रक्त एकदाच दिसले, दुखले नाही, आपोआप थांबले, तरी उन्हाळीवर ढकलू नका, तपासून घ्या. आणि मोठा निर्णय पुढे आला, तर सर्वांना विचारा. फक्त ज्याच्या हाती आपला देह द्यायचा आहे, त्याला शेवटी विचारू नका. आम्ही शेवटी विचारले. ते तरी विचारले, ही परमेश्वराची कृपा.