मऊपणाचे गणित

कठीण वस्तूचा स्वभाव मोठा सरळ. दगड फेकला तरी तो दगडच राहतो. मऊ वस्तूचे तसे नाही बुवा! उशीवर डोके टेकले की ती इथे खचते आणि तिथे फुगते.

हे प्रकरण किती अवघड, ते मला पुतण्यामुळे कळले. आमच्या नेसरीजवळ २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. तो प्रसंग संगणकावर चितारण्यासाठी पोराने नोकरी सोडली. तलवारी दोन दिवसांत झाल्या. झेंडा मात्र महिनाभर पत्र्यासारखा ताठ!

“काका, कापड म्हणजे असंख्य ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा. एक ठिपका हलला की शेजाऱ्याला ओढ बसते,” तो म्हणाला. १९८७ साली डेमेट्री टेर्झोपूलस व सहकाऱ्यांनी असल्या लवचिक वस्तूंचे गणित चित्रांसाठी मांडले. पुढच्याच वर्षी, दाबल्यावर मूळ रूपावर न येणाऱ्या, करंजीच्या भिजवलेल्या पिठासारख्या वस्तूंचीही पाळी आली.

गंमत अशी, की स्प्रिंग फार ताठ असली आणि हिशेबातले काळाचे पाऊल मोठे पडले, की पडद्यावरचे कापड चिंध्या होऊन उधळते. मग पावले लहान टाकावी लागतात.

हे ऐकताना मला त्याचे वडील, आमचे दादा, आठवले. नोकरी सुटल्यापासून ते लेकाशी बोललेले नाहीत. घर तरी दुसरे काय? एक रुसला की ओढ साऱ्यांना! मी दादांना गणित सांगितले नाही. ‘झेंडा फडकतो तेवढा बघून या,’ एवढेच म्हटले. दादा उठले नाहीत. पण चष्मा मात्र पुसायला घेतला.