आक्कांची पाटी



मागच्या आठवड्यात बस्तीत अभिषेकानंतर एकीने विचारलं, "काकू, नातवंडांना जुनं 'रामायण' दाखवायचंय. पूर्ण कुठे मिळेल?" बस्तीच्या पायरीवर उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हटलं, लिहूनच सांगते. कारण या 'पूर्ण' शब्दाने मला एकदा चांगलंच फसवलं आहे, आणि त्याआधी मी त्याच मालिकेपायी एका माणसाला दुखवलं आहे.

रामानंद सागरांचं 'रामायण' २५ जानेवारी १९८७ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८पर्यंत चाललं. दर रविवारी सकाळी साडेनऊला, एकूण ७८ भाग. रस्ते ओस पडायचे, काही घरांत टीव्हीला हार घालायचे, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या सांगलीतल्या बस्तीतही त्या दिवसांत रविवारचा अभिषेक जरा घाईने व्हायचा. उपाध्येंनाही घरी जायचं असायचं ना!

घाई करत नसत त्या एकट्या आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर चिकोडीकडचं, म्हणून बोलणं मराठी आणि पोथी कन्नड. अभिषेक, पूजा, जप, गंधोदक, सगळं झाल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत. घरी येईपर्यंत दहा वाजून जायचे. मग ह्यांनी तोड काढली. आमच्याकडे नुकताच व्हीसीआर आला होता. रविवारी सव्वानऊपासून हे त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि भाग टेप करायचे. जाहिरात लागली की थांबवायचं बटण, संपली की परत सुरू. कॅसेट महाग, वाया कशाला घालवायची! तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये साधारण पस्तीस मिनिटांचे पाच भाग बसायचे. या हिशेबाने ७८ भागांना सोळा कॅसेटा लागल्या असत्या. आमच्याकडे होत्या चार. त्यामुळे आक्कांचं बघून झालं की त्यावरच पुढचं टेप व्हायचं.

दुपारी जेवणं झाली की आक्का एकट्याच भिंतीला टेकून बघायच्या. आम्ही सगळ्यांनी सकाळी पाहिलेलं असायचं. मी भांडी आवरत असायची. गाणं लागलं की "गाणारा आपला जैन आहे" असं प्रत्येक वेळी सांगायच्या. ते खरंच होतं. संगीत रवींद्र जैन यांचं आणि बरंचसं गायनही त्यांचंच.

एका रविवारी दुपारी स्वाध्यायाला बायका आमच्याकडे जमल्या होत्या. पद्मपुराणाचं वाचन चाललं होतं. आपल्या पद्मपुराणातली रामकथा तुम्हाला ठाऊक आहे. रावणाला दहा तोंडं नाहीत, गळ्यातल्या हारात त्याच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं पडली म्हणून तो दशानन. त्याला मारतो लक्ष्मण, राम नव्हे. राम शेवटी दीक्षा घेतात आणि मांगीतुंगीहून मोक्षाला जातात. तर वाचताना कोणीतरी म्हणालं, टीव्हीवर दाखवतात ते काही आपलं नव्हे. त्यावर आक्का एकदम म्हणाल्या, "का नव्हे? आपलं रामचंद्रचरित पुराण हाय की त्यात. सुरुवातीला पाटीवर लिवलंय."

आणि मी, बी.कॉम. झालेली शहाणी सून, सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का, डोळा लागला असेल तुमचा."

बायका हसल्या. मीही हसले. आक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि पोथीचं पान उलटलं. त्यानंतर त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

कॅसेट तिथेच टीव्हीखाली होती. लावून बघायचं तर पाच मिनिटांचं काम. पण दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची होती, चूल माझी वाट बघत होती. पुढच्या रविवारी त्यावर दुसरा भाग टेप झाला. सुरुवातीच्या पाट्या तर दर आठवड्याला लागायच्या. आम्ही तेवढ्यात चहा टाकायचो, मुलांना ओरडायचो, दार लावायचो. पाट्या वाचतं कोण?

१९९६मध्ये आक्का गेल्या.

२००८च्या सुमारास मुलाने पुण्याहून 'रामायण'च्या डीव्हीडींचं खोकं आणलं. वर ठळक अक्षरांत 'संपूर्ण' छापलेलं. मी सगळ्यात आधी काय केलं असेल? पहिली तबकडी लावून पाट्या बघितल्या. गाणं थोडंसं, कलाकारांची नावं, आणि लगेच कथा सुरू. रामचंद्रचरित पुराण कुठेच नाही. दुसरा भाग लावला, तर तो थेट कथेपासून. तिसराही तसाच. खरं सांगते, पहिल्यांदा मनाला बरंच वाटलं. चला, माझंच खरं होतं.

पण आकडे मला स्वस्थ बसू देत नाहीत. भाग चालू असताना कोपऱ्यात मिनिटं दिसत होती. एकोणतीस, तीस, परत एकोणतीस. आणि आमच्या कॅसेटमध्ये तर जाहिराती वगळूनही पस्तीसच्या हिशेबाने पाचच भाग बसायचे! मग वरची सहा मिनिटं गेली कुठे? सहा गुणिले ७८ म्हणजे ४६८ मिनिटं, पावणेआठ तासांहून जास्त. पाट्या गेल्या, मागच्या भागाची आठवण करून देणारा तुकडा गेला, शेवटी सागर स्वतः येऊन बोलायचे तेही बहुतेक ठिकाणी गेलं.

का, तेही मी कागदावर मांडलं. एका तबकडीत साधारण दोन तास नीट मावतात. पस्तीसचे तीन भाग म्हणजे १०५ मिनिटं, चौथा बसत नाही. एकोणतीसचे चार म्हणजे ११६, बसतात. तीन-तीनने २६ तबकड्या लागतात, चार-चारने वीस. सहा तबकड्या वाचल्या. कापणाऱ्याला वाटलं असणार, कथेला हात लावला नाही ना, मग झालं 'संपूर्ण'.

ह्यांना म्हटलं, आपल्या कॅसेटा कुठे आहेत? हे नुसते बघत राहिले. कारण दर दिवाळीला त्या टाकायला मीच निघायचे. अपरिग्रहावर व्याख्यान देऊन! आणि दर वेळी हे त्या परत माळ्यावर ठेवायचे. दोन सापडल्या. एकीवर पोराच्या मुंजीसारखं कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग. दुसरीवर ह्यांच्या अक्षरात 'रामायण' आणि खाली बारीक 'आक्का'.

खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली. व्हीसीआर केव्हाच बंद पडलेला. गावात लग्नाची शूटिंग करणारा एक मुलगा होता, त्याच्याकडे जुनं मशीन होतं. तो म्हणाला, "काकू, घरी कुठे लावून बघितली नाहीत ना? बुरशीची कॅसेट तशीच लावली तर मशीनचं हेड जातं आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते." तेवढं तुम्हीही लक्षात ठेवा. त्याने ती उघडून, पुसून, सावकाश पुढे-मागे फिरवून घेतली. एका ठिकाणी तुटली, तिथे जोड दिला. मग कॉम्प्युटरला लावली.

आधी धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीचं शेपूट. ह्यांचं बोट तेवढं उशिरा पडलेलं. मग गाणं. मग पाट्या. वाल्मीकी, तुलसीदास. तमिळचं कंब रामायण. मराठीचं भावार्थ रामायण, आपल्या एकनाथांचं. बंगालीचं कृत्तिवास. आणि कन्नडचं रामचंद्रचरित पुराण.

मी "थांबव" म्हणाले. चित्र थरथरत उभं राहिलं, वरून खाली एक पांढरी रेघ सरकत होती. पण अक्षरं वाचता येत होती.

हे पुराण नागचंद्राचं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा जैन कवी, त्याला अभिनव पंप म्हणत, म्हणून ग्रंथाला पंप रामायणही म्हणतात. मल्लिनाथ पुराणही त्याचंच. त्याची रामकथा आपल्या परंपरेतली, लक्ष्मणाच्या हातून रावण पडतो ती. मालिकेत रावण रामाच्या बाणानेच पडतो आणि तोंडंही दहाच्या दहा आहेत, म्हणजे गोष्ट त्यांनी आपली घेतली नाही. पण आधाराच्या ग्रंथांत नाव घातलं होतं. आक्कांनी लहानपणी माहेरी ते ऐकलेलं, म्हणून त्या एका ओळीशी त्यांची नजर थांबली. आमच्यापैकी कोणाची थांबणार होती?

दुकानात हात रिकामेच हलवत होते. मुलाने पाणी दिलं. मग त्याने विचारलं, "जाहिरातीचे तुकडे काढून टाकू का?" मी म्हटलं, अजिबात नको.

त्या पाटीचा फोटो मी काढून घेतला. स्वाध्यायाला त्या दिवशी असलेल्यांपैकी दोघीच तेव्हा गावात उरल्या होत्या. एकीच्या घरी मुद्दाम गेले, फोटो दाखवला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कसली पाटी? मला तर काही आठवत नाही बाई." चहा पिऊन परत आले. दुसरीकडे गेलेच नाही.

२०२०च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' परत लावलं, सकाळ-संध्याकाळ. तेव्हा घरातल्या सगळ्यांना मी सक्तीने सुरुवातीपासून बसवायची. चहा आधीच करून ठेवायची.

तर विचारणाऱ्या ताईंसाठी. खोक्यावरच्या 'संपूर्ण'वर जाऊ नका. मागच्या बाजूला एकूण मिनिटं छापलेली असली तर भागांच्या संख्येने भागा. पस्तीसच्या आसपास आलं तर ठीक, तिशीच्या खाली आलं तर कात्री लागली आहे. पहिला भाग बघून ठरवू नका, तो बहुतेक वेळा नीट ठेवलेला असतो. मधला कुठलातरी लावून बघा, गाणं आणि पाट्या आहेत का. आणि कोणाच्या माळ्यावर जुन्या कॅसेटा असतील तर दिवाळीच्या आधी मला विचारा.

माझ्याकडचे पाच भाग नातवंडांना दाखवायचे असतील तर रविवारी घेऊन या. पाचव्याचा शेवट मात्र नाही, कॅसेट तिथेच संपली. जेवूनच जा, पण आमच्याकडे पानं साडेपाचला वाढतात.