परक्या अंड्यांची आई

मनुष्याने केवळ हौसेखातर जपलेल्या पक्ष्यांत सिल्की या कोंबडीचा क्रमांक बराच वर लागावा. तिला पिसे आहेत, पण ती पिसांसारखी दिसत नाहीत. पंख आहेत, पण ते तिला उचलत नाहीत. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, पिंजलेल्या कापसाचा गोळा वाऱ्याने अंगणात आणून टाकला आहे. जवळ जाऊन तो कापूस बोटांनी बाजूला सारला, की खाली काळपट निळी कातडी दिसते. कातडीच काय, तिची हाडेही काळी असतात. इतर बहुतेक कोंबड्यांच्या पायाला चार बोटे, हिला पाच. कानाच्या पाळीला मोरपिशी झाक. डोक्यावर केसांचा असा झुपका, की समोर टाकलेला दाणा बाईसाहेब पाहून टिपतात की आवाजाच्या अंदाजाने, अशी शंका यावी.

तिचे माहेर चीन. तिकडे तिला ‘काळ्या हाडांची कोंबडी’ म्हणूनच ओळखतात आणि तिचे मांस औषधी मानतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडून परतलेल्या मार्को पोलोच्या प्रवासवृत्तात, मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख आहे. त्या खायला उत्तम असतात, हेही सांगायला तो व्यापारी विसरला नाही. पुढे युरोपात काही चतुर विक्रेत्यांनी हा पक्षी ससा आणि कोंबडी यांच्या संकरातून जन्मला असे सांगून खपवला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पहिल्यांदा सिल्की पाहणाऱ्याचा त्या थापेवर विश्वास बसला असेल, याविषयी मला संशय नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब परदेशी स्थायिक व्हायला निघाले, तेव्हा त्यांच्या मुलांनी पाळलेल्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा धर्मगुरुनिवासाच्या परसात दाखल झाला. धाकटी मुलगी दहा वर्षांची होती. निरोप घेताना तिने मला बजावले, “फादर, ह्यांना कापायचं नाही हां.” मी शब्द दिला. त्याला आता चार वर्षे झाली. या काळात अनेकांनी कुंपणावरून वाकून, “फादर, हा कडकनाथ केवढ्याला?” असे विचारले आहे. या प्रश्नात थोडे तथ्यही आहे. झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि चीनची ही सिल्की यांच्या काळेपणाचे मूळ एकच: विसाव्या गुणसूत्राच्या एका भागाची झालेली द्विरुक्ती. मात्र कडकनाथ रानावनात आपले पोट भरू शकतो. सिल्कीला ते साधणार नाही.

याचे कारण तिच्या पिसांत आहे. साध्या पिसाच्या दांडीपासून फुटणाऱ्या तंतूंना आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांना सूक्ष्म आकडे असतात. ते आकडे एकमेकांत अडकतात, म्हणून पिसाचे पाते तयार होते; त्यावर वारा पेलला जातो, पाणी ओघळून जाते. सिल्कीच्या पिसाला हे आकडेच नाहीत. तंतू सुटे राहतात, मऊ लागतात, आणि पावसाची सर आली की कातडीपर्यंत भिजतात. हा दोष उपजवणारा जनुकीय बदल कोणता, ते २०१४ साली संशोधकांनी शोधून काढले. तो दोन्हीकडून आला तरच पिलू कापसाचे होते. गावठी कोंबड्याशी संकर झाला, तर पिलांना चारचौघांसारखी पिसे येतात आणि हा गुण पुढच्या पिढीची वाट पाहत आत दडून राहतो. रानात असा पक्षी एका पावसाळ्यात संपला असता. माणसाला तो गोड वाटला, म्हणून सातशेहून अधिक वर्षे टिकला.

ज्याला तो गोड वाटतो, त्याने मग त्याचा पावसाळाही अंगावर घ्यायला हवा. वसईच्या पावसात खुराडे जमिनीपासून हातभर उंच आणि आतून खडखडीत कोरडे ठेवावे लागते. भाताचे तूस अंथरायचे, ओल लागली की त्याच दिवशी बदलायचे. या कोंबड्या उंच दांडीवर बसत नाहीत. रात्री एका कोपऱ्यात एकमेकींना बिलगून ढीग करून झोपतात, तेव्हा जमिनीलगतची प्रत्येक फट मुंगसासाठी दार ठरते. पाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे हवे, नाही तर डोक्याचा झुपका भिजून थंडी भरते. डोळ्यांवरचे केस महिन्याकाठी कातरायचे. केसांत उवा लपतात, म्हणून राख आणि कोरडी माती मिसळून लोळायला द्यायची. अंड्याचे कवच पक्के व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा. तो आमच्या किनाऱ्यावर फुकट मिळतो. डोक्याला मार लागू द्यायचा नाही, कारण झुपकेवाल्या सिल्कीच्या कवटीचे हाड वरच्या बाजूला पुरते जुळलेले नसते; दांडग्या गावठी कोंबडीची एक चोचही तिला भारी पडते. एवढे करून ती वर्षाला शंभर-सव्वाशे लहान अंडी देणार. हिशेब मांडायला बसलात, तर पाळू नका.

परंतु एका बाबतीत ती कोणत्याही कोंबडीला हार जात नाही. ती खुडूक होते, आणि वरचेवर होते. अंडी असोत वा नसोत, जागा धरून बसते. एकदा आमची थोरली कोंबडी एका गोल दगडावर नऊ दिवस बसून होती. आपल्याकडे खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाही तर तिच्या नाकात पीस अडकवतात. सिल्कीला बुडवणे म्हणजे जिवाशी खेळ. खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते, म्हणून व्यापारी जाती घडवताना ही वृत्ती निवडून निवडून काढून टाकण्यात आली. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि त्यांच्याकडे वळून पाहत नाही. बाजाराच्या वहीत आईपण खर्चाच्या बाजूला लिहिले गेले. सिल्कीला कोणी त्या वहीत घेतलेच नाही, हे तिचे भाग्य.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या एक आजी पदराखाली सूप धरून आल्या. त्यांची गावठी कोंबडी रवणीवर असताना मुंगसाने रात्री नेली होती. बारा दिवस उबवलेली आठ अंडी सुपात होती, अजून कोमट. आजींनी दगडावर बसलेल्या आमच्या थोरलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “फादर, तुमच्या ह्या बाहुलीला पोरं कळतील का?” मी दगड काढून अंडी एकेक करून तिच्याखाली सारली. तिने चोचीने ती आत ओढली, अंग पसरले आणि डोळे मिटले. दिवसातून एकदा दहा मिनिटे उठायची, चार दाणे टिपून परत. शेवटच्या दोन दिवसांत अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येऊ लागली आणि ती खालच्या आवाजात उत्तर देऊ लागली. सहा पिले निघाली. जेरुसलेमसाठी व्याकूळ झालेल्या ख्रिस्ताने पिलांना पंखांखाली गोळा करणाऱ्या कोंबडीची उपमा दिली. हिला तर पंख म्हणावेत असे पंखही नाहीत. तरी सहाच्या सहा त्या कापसात दिसेनाशी होत.

एक पिलू घारीने नेले. उरलेली पाच आपल्या रक्ताप्रमाणे वाढली. सातव्या आठवड्यात ती पेरूच्या फांदीवर चढून बसू लागली. आई खाली. ती मान वर करून बोलावत राही आणि पोरे वरून पाहत राहत. मृगाच्या पहिल्या सरी आल्या, तेव्हा मी देवळात होतो. परतलो, तर पाखरे फांदीवर निवांत होती. त्यांच्या पिसांवरून पाणी ओघळत होते. खुराड्याचे दार चार पावलांवर उघडे असताना ती झाडाखालीच उभी होती. भिजून मुठीएवढी झालेली, डोळे अर्धे मिटलेले. पंच्याने पुसून तिला डालग्यात घातले, साठचा दिवा जवळ लावला आणि मध्यरात्रीपर्यंत बसलो. पहाटे तिने कुरकुर केली. मी दार उघडले, तशी ती थेट पेरूखाली. पुढच्या आठवड्यात तिनेच त्या पाचही जणांना टोचून टोचून दूर केले. तिचे काम झाले होते. आजी पाचही पाखरे घेऊन गेल्या.

या वर्षी तिला तिचीच अंडी दिली. तिघी वाचल्या. त्यांतली एक चौथ्या महिन्यात लंगडू लागली. दोन दिवसांनी एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडून राहिली. पशुवैद्यांनी पाहताच नाव सांगितले: मॅरेक. योझेफ मॅरेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ साली याचे वर्णन केले. विषाणूचा रोग, सिल्की त्याला विशेष बळी पडते. लस आहे, पण ती पहिल्याच दिवशी द्यावी लागते, आणि कुपी हजार मात्रांची असते, मिसळली की एक-दोन तासांत संपवायची. तीन पिलांच्या घरधन्यासाठी कोण ती उघडणार? उपचार नाही. मी अकरा दिवस तिला हाताने भरवले. बाराव्या दिवशी ती पाणी गिळेना. त्या संध्याकाळी मी तिला माझ्याच हाताने संपवले आणि चुना टाकून खोल पुरले.

मग परदेशी फोन लावला. मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “दुखलं का तिला?”

“आजारात दुखलं,” मी म्हणालो. “शेवटी क्षणभर.”

बराच वेळ ती बोलली नाही. नंतर म्हणाली, “बाकीच्यांना सांभाळा, फादर.”

हा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत कित्येक महिने जिवंत राहतो. बरी दिसणारी कोंबडीही तो वाहत असते. तेव्हा या परसात आता कोंबडीचे पिलू जन्मू द्यायचे नाही, असे मी ठरवले आहे. हे थोरलीला कोण समजावणार? दिवाळीनंतर ती पुन्हा खुडूक झाली आणि रिकाम्या कोपऱ्यात बसून राहिली. बदकांना हा रोग सहसा त्रास देत नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून पाच अंडी आणली. तिच्या अंगाखाली त्याहून अधिक मावत नाहीत. बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात. आज एकोणिसावा. पिले निघाली की मागच्या बावखलाकडे धाव घेणार आणि ती काठावरून त्यांच्यामागे पाण्यात उतरेल, म्हणून कालपासून तिकडे कामट्यांचे कुंपण घालायला घेतले आहे.