ऐकलेली गोष्ट सांगायची असते

आमच्या नवघरच्या घरात मगरीबनंतरचा अर्धा तास गोष्टीचा असतो. नमाज झाली की माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, पलंगावर पाय लांब करून बसतात आणि माझ्या लेकीला विचारतात, "काय गं, ती जहाजवाली पुढे कुठे पोचली?"

दोन वर्षांपूर्वी असं नव्हतं. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने अम्मींची मधली नजर गेली. माणूस दिसतो, चेहरा नाही. पान दिसतं, अक्षर नाही. मराठी कादंबऱ्या आणि उर्दू मासिकं दोन्ही वाचणारी बाई गप्प झाली. मी फोनवर मराठी ऑडिओबुक लावून दिलं. चार दिवस ऐकून त्यांनी इअरफोन काढून ठेवला. "वाचणारा चांगला आहे, पण त्याला मध्येच काही विचारता येत नाही," म्हणाल्या.

लेक कॉलेजला भाईंदरहून चर्चगेटच्या लोकलने जाते. गर्दीत पुस्तक उघडायची सोय नाही, म्हणून कानाने वाचते: इंग्रजीतल्या तऱ्हेवाईक विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या मालिका. घरी आली तरी इअरफोन कानातच. मला त्याचा राग यायचा. एका संध्याकाळी मी म्हटलं, "एवढं काय ऐकतेस, ते दादीला तरी सांग." तिने सांगितलं, आणि तेव्हापासून हा अर्धा तास सुरू झाला.

पहिली गोष्ट होती अमीना अल-सिराफीची. शॅनन चक्रवर्ती यांच्या या मालिकेतलं पहिलं पुस्तक 2023 साली आलं. बाराव्या शतकातला हिंदी महासागर, आणि नायिका कोण? एका मुलीची आई असलेली, निवृत्त झालेली, गुडघा दुखणारी नाखुदा! हरवलेल्या मुलीच्या शोधात ती पुन्हा जहाज काढते. आम्ही कोकणातले, 'नाखवा' हा शब्द अम्मींच्या माहेरचा. "गुडघा दुखतोय आणि समुद्रावर निघाली?" म्हणत त्या सावरून बसल्या. अमीना काही संत नाही, तिच्या हातून चुका झाल्या आहेत. म्हणून ही मालिका सोळा वर्षांच्या पुढच्यांसाठी.

दुसरी, मार्था वेल्स यांची 'मर्डरबॉट डायरीज'. नाव भयंकर, पण आतला यंत्रमानव बिचारा लाजाळू. स्वतःवरचा ताबा त्याने गुपचूप मोडून काढलाय, आणि त्या स्वातंत्र्याचं करतो काय, तर मालिका बघत बसतो. माणसांनी हाक मारली की वैतागतो, तरी त्यांचा जीव वाचवतो. "हा तर माझ्यासारखाच," अम्मी म्हणाल्या. पहिला भाग साधारण सव्वातीन तासांचा आहे, त्यामुळे नवख्याने इथून सुरुवात करावी.

तिसरी, डग्लस ॲडम्स यांची 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी'. ही जन्मलीच कानासाठी: 1978 साली बीबीसी रेडिओवर आली, पुस्तक नंतरच्या वर्षी. रस्त्यासाठी एका माणसाचं घर पाडायला येतात आणि त्याच दिवशी अंतराळातल्या रस्त्यासाठी अख्खी पृथ्वीच पाडतात. नोटीस म्हणे दूरच्या एका ताऱ्यावर लावली होती! रस्तारुंदीकरणाच्या बातम्या ऐकलेल्या अम्मींना यातला विनोद समजावून सांगावा लागला नाही. लेखक नास्तिक होते. काही विनोद आपल्याला टोचतील. मुलांनी ऐकलं तर त्यावर बोलावं, एवढंच.

जिन्न, जादू, तिलिस्म हे घरात बरं का, असं माझ्याही मनात आलं होतं. अम्मी हसल्या. त्यांचे अब्बा अमीर हमजाची दास्तान सांगत. लखनौच्या नवल किशोर प्रेसने 1883 पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' खंडामागून खंड छापली, ती याच दास्तानीची शाखा. त्यातला अमर अय्यार आपल्या झंबील नावाच्या झोळीत वाटेल ते कोंबतो आणि ती कधी भरत नाही. "खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणाला फसवत नाही," अम्मी म्हणाल्या.

तुमच्या घरीही असं कुणी गप्प बसलेलं असेल तर नुसता फोन हातात देऊ नका. तरुणांनी ऐकावं आणि आपल्या बोलीत सांगावं. विकत घेण्याआधी नमुना ऐका. आवाज आवडला नाही तर गोष्टही आवडत नाही. वेग थोडा कमी ठेवा. रोज एकच प्रकरण पुरे, म्हणजे उद्याची ओढ राहते.

परवा लेकीची परीक्षा होती, गोष्ट ऐकायला वेळ मिळाला नव्हता. "मग आज मी सांगते," म्हणत अम्मींनी अमर अय्यारची झोळी उघडली. चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत. लेकीने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. आता लोकलमध्ये तिच्या कानात कधीकधी दादीच असते.