चंद्राचा डॉलर

आमचे आजोबा बोटीवर नोकरीला होते. तिकडून त्यांनी डॉलरची दोन नाणी आणलेली. एक १९२२चं, एक १९७२चं. १९७२च्या नाण्यामागे चंद्रावर उतरणारा गरुड आहे, अपोलो ११ची आठवण म्हणून. ते माझं आणि जुनं ताईचं, अशी वाटणी आजोबांनी आमच्या लहानपणीच करून टाकली. दोन्ही चांदीची, असं घरात सगळेच म्हणायचे.

मागच्या सेमिस्टरला मेसचं बिल दोन महिने थकलं आणि मला माझी चांदी आठवली. (घरी पैसे मागायची सोय नव्हती, कारण ते घरून आलेच होते!) किंमत काढून आणतो म्हणून दोन्ही नाणी घेऊन आलो. सराफ म्हणाला, कानस मारून बघतो. मी नाणी उचलली आणि सरळ रूमवर आलो. रूममेटने स्पीकरमधलं लोहचुंबक लावलं. चिकटलं नाही. झालं, चांदीच! मेकॅनिकलच्या दोन पोरांना हे सुचू नये की तांबं आणि निकेलचं हे मिश्रणही चुंबकाला चिकटत नाही?

शेवटी लॅबमधल्या काकांना मस्का लावला. काट्यावर पाण्याचा बीकर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात सोडलं, तळाला टेकू न देता. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. बिचारा आर्किमिडीज! ताईचं नाणं २६.५ ग्रॅम, पाण्यात काटा २.५७. म्हणजे घनता १०.३. नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबं यांचं गणित बरोबर एवढंच येतं. नवं असताना ते २६.७३ ग्रॅमचं असतं, बाकीचं झिजलं.

माझं २२.६ ग्रॅम. पाण्यात काटा २.५४. आकारमान जवळजवळ तेवढंच, वजन मात्र चार ग्रॅम कमी! घनता ८.९. मी दोनदा दोरा बदलला. काकांनी नाणं उभं धरून कड दाखवली. मधोमध तांब्याची लाल रेघ. इतकी वर्षं ती कुणी पाहिलीच नव्हती. १९७१ ते ७८ मधल्या या डॉलरमध्ये चाळीस टक्के चांदीचेही निघाले, पण ते संग्राहकांसाठी, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतले. त्यांच्यावर सालाच्या वर ‘एस’ असतो. माझ्यावर नाही.

ताईच्या नाण्यात साधारण २४ ग्रॅम चांदी. त्याहून फार जास्त मिळणार नाही, कारण पीस डॉलरमध्ये १९२२चेच सगळ्यात जास्त पाडले गेले. शिवाय आईने ते दर दिवाळीला चिंचेने घासून लख्ख केलंय, आणि घासलेलं नाणं संग्राहक नाक मुरडून घेतात.

रात्री आजोबांना फोन केला. सांगावं की नको, असं खूप झालं. सांगून टाकलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “आणि तिचा?”

“तिचा चांदीचा आहे, आजोबा.”

“मग तो तिला नीट पोचता कर. वाटेत विकू नको.”

मेसचं मी त्यांना काहीच बोललो नव्हतो. बिल रूममेटने भरलं. त्याचे अजून चारशे द्यायचेत.