दहापैकी दहा



ऑनलाइन शिकवण्याच्या अनुभवावर लिहा, असं मला दोन-तीन जणांनी सुचवलं होतं. मी टाळत आले. कारण त्या दिवसांचा विचार केला की मला सगळ्यात आधी एक यादी आठवते. ती यादी मीच केली होती.

2021 चा जून. डोंबिवली पूर्वेतली आमची मराठी माध्यमाची शाळा, आठवीचा वर्ग, विषय सामान्य विज्ञान. वर्गातली मुलं कोपर, ठाकुर्ली, कल्याण पूर्व अशी विखुरलेली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हे उपक्रमाचं नाव तोवर सगळ्यांना तोंडपाठ झालेलं. पहिल्या वर्षी आम्ही चाचपडलो, दुसऱ्या वर्षी मात्र मी कंबर कसली. ‘बल व दाब’ या पाठाचा व्हिडिओ घरीच केला. पंखा बंद, खिडक्या बंद, डाळीच्या डब्यांवर मोबाइल टेकवलेला, लॅपटॉपवर स्लाइड्स. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या कापून टाकायलाच एक रात्र गेली. व्हिडिओ झाला बेचाळीस मिनिटांचा. सोबत दहा प्रश्नांचा गूगल फॉर्म, पर्याय निवडायचे.

निकाल बघून मी हरखले. बहुतेकांना दहापैकी दहा! मुख्याध्यापकांना स्क्रीनशॉट पाठवला. घरी तर मी तो चार वेळा दाखवला असेल.

ज्यांनी फॉर्म भरला नाही त्यांची नावं मी दर शनिवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. वर लिहायचे, ‘अनियमित विद्यार्थी’. चार-पाच नावं असायची. त्यातलं एका मुलीचं नाव दर आठवड्याला यायचंच. मी तिच्या आईला फोन केला. आई दोन घरी पोळ्या करायला जाते. त्या म्हणाल्या, “मॅडम, फोन तिच्या पप्पांकडं असतो. ते रिक्षावर. घरी यायला रात्रीचे साडेदहा-अकरा होतात.” मी काय म्हणावं? “अहो, मग रात्री तरी बघू दे तिला. बाकीची मुलं करतातच की.” हे वाक्य मी बोलले आहे. ते कुठे लपवू?

4 ऑक्टोबर 2021 ला आठवीपासूनचे वर्ग उघडले. मुलं मास्क लावून एकाआड एक बाकावर बसली. निम्म्या मुलांचे चेहरे मला अनोळखी वाटत होते, आवाज तेवढे ओळखीचे. पहिल्याच आठवड्यात मी पाच प्रश्न फळ्यावर लिहिले. पर्याय दिले नाहीत. त्यातला एक होता, ‘दप्तराचे पट्टे रुंद का असतात?’

दाबाची व्याख्या सगळ्यांनी छान लिहिली. बल भागिले क्षेत्रफळ. पट्ट्यांच्या प्रश्नाला मात्र बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘मजबूत राहावेत म्हणून’. काहींनी जागा कोरीच सोडली. दहापैकी दहावाल्यांनीच! मधल्या सुट्टीत एका मुलाला जवळ बोलावून विचारलं. तो आधी लाजला, मग हसत म्हणाला, “बाई, एकाचा फॉर्म भरून झाला की उत्तरं ग्रुपवर यायची. आमचा वेगळा ग्रुप होता.” मी विचारलं, “आणि व्हिडिओ?” “चालू असायचा ना बाई.” चालू असायचा म्हणजे काय, ते मला कळलं.

आता त्या मुलीचा पेपर. शुद्धलेखन यथातथाच. पण पट्ट्यांच्या उत्तरात तिने पुढे लिहिलं होतं की आई डोक्यावर कळशी घेताना खाली चुंबळ ठेवते, म्हणजे वजन तेवढंच राहतं पण ते जास्त जागेवर पसरतं, म्हणून टोचत नाही. चुंबळ! माझ्या बेचाळीस मिनिटांत हा शब्द एकदाही आला नव्हता. माझ्याकडे हायहील आणि खिळ्याचं उदाहरण होतं, तेही इंटरनेटवरून घेतलेलं. मी तिला विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाली, पुस्तकात वाचलं आणि शेजारच्या दादाला विचारलं.

त्या मुलाच्या ‘चालू असायचा’ला मी रागावू शकले नाही, कारण त्याच काळात मी स्वतः एका ऑनलाइन प्रशिक्षणाची विद्यार्थिनी होते. त्यातला व्हिडिओ पुढे सरकवता येत नसे. तेव्हा मी तो आवाज बंद करून लावून ठेवायचे आणि पोळ्या लाटायचे. शेवटची चाचणी कितीही वेळा देता यायची. प्रमाणपत्र आलं, मी ते फाइलला लावलं. त्या प्रशिक्षणातलं आज काय आठवतं? पोळ्या.

तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, वेबवर शिकवण्याची काही विद्या असेल की नाही? फळ्यावर शिकवायला आपण डी.एड., बी.एड. करतो, पाठ टाचण काढतो. इथे मात्र कॅमेरा लावला आणि सुरू झालो. मग जमेल तसं वाचू लागले. संशोधनाची भाषा जड असते, अर्धं डोक्यावरून जातं, पण काही गोष्टी आरशासारख्या समोर आल्या.

2014 साली एडएक्स या व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांमधली व्हिडिओ पाहण्याची तब्बल 69 लाख सत्रं तपासली गेली. व्हिडिओ कितीही लांब असो, मध्यक काढला तर प्रेक्षक जास्तीत जास्त सहाएक मिनिटं टिकतो, असं त्यात दिसलं. नुसत्या स्लाइड्सपेक्षा अधूनमधून शिक्षकाचा चेहरा दिसला किंवा हाताने काढत जाणारी आकृती दिसली, तर मुलं जास्त टिकतात, हेही. (अर्थात टिकणं म्हणजे शिकणं नव्हे. आणि ते आपणहून नाव नोंदवलेले लोक होते, आमची आठवी नव्हे. म्हणून सहा मिनिटांचा आकडा कुणी वेदवाक्य करू नये.) रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडियावरचं काम वाचलं तेव्हा तर कान लाल झाले. जे वाक्य आपण बोलतो तेच पडद्यावर पूर्ण लिहून दाखवलं तर शिकायला मदत होण्याऐवजी अडथळा होतो, असं ते सांगतात. मी सगळ्या स्लाइड्स अक्षर न् अक्षर वाचून दाखवल्या होत्या.

पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते इथून तासाभरावरचं, पवईचं काम. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर संशोधन चालतं. सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थीकेंद्री आराखडा तयार केला. 2018 मध्ये त्यावर त्यांचा लेखही आला. त्यात व्हिडिओला व्याख्यान न मानता संवाद मानलं आहे. मध्येच एक जागा येते, तिथे शिक्षक प्रश्न विचारतो आणि थांबायला सांगतो. विद्यार्थ्याने व्हिडिओ थांबवायचा, स्वतःचं उत्तर लिहायचं, मग पुढे जायचं. पुढचं बोलणं मुलं काय काय उत्तरं देतील ते धरून रचलेलं असतं. वर्गात आपण हेच करतो ना? प्रश्न टाकतो, दोन क्षण थांबतो, मागच्या बाकावरचं चुकीचं उत्तर घेतो आणि तिथून पुढे जातो. कॅमेऱ्यासमोर मी नेमकं तेवढंच विसरले होते.

माध्यमाबद्दलचा वाद जुना आहे. रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच म्हटलं होतं की माध्यम म्हणजे माल पोचवणारी गाडी, तिच्यामुळे मालाचा कस वाढत नाही. रॉबर्ट कोझमा यांना ते पटलं नाही, माध्यमाच्या अंगच्या गुणांचा शिकण्यावर परिणाम होतो असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर टेम्पो आपल्या गल्लीत शिरतो का, हाही प्रश्न आहे. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड सरांनी सौरऊर्जेवर डिजिटल वर्ग उभा केला. त्यांनी आधी विजेचा प्रश्न सोडवला, मग पडद्याचा. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर लागणारी ‘टिलीमिली’ही मला त्यासाठी आवडायची. इंटरनेट नको, आणि घरातल्याच वस्तू, घरातलीच माणसं घेऊन शिकणं.

पुढे जानेवारी 2022 मध्ये काही दिवस शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा मी पद्धत बदलली. पाच मिनिटांचे तुकडे केले. मध्ये ‘थांबा, वहीत लिहा’ म्हणून पंधरा सेकंद मी खरंच गप्प बसायचे. (कॅमेऱ्यासमोर पंधरा सेकंद गप्प बसून बघा एकदा!) फाइल लहान ठेवली, पुस्तकातलं पान सांगितलं, म्हणजे फोन नसला तरी काम अडणार नाही. मुदत दोन दिवसांची, म्हणजे रात्री अकरालाही चालेल. पर्यायांचा फॉर्म बंद. एकच प्रश्न, उत्तराचा फोटो पाठवायचा, उदाहरण स्वतःच्या घरातलं हवं.

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. काही मुलं थांबायचीच नाहीत, पंधरा सेकंद सरळ पुढे ढकलायची. वह्यांचे तिरपे, अंधारे फोटो तपासता तपासता माझे दीड-दीड तास जायचे. आमच्याच शाळेतले एक सर म्हणायचे, “बाई, साठ मुलांचे दोन वर्ग असले की बघा हे जमतं का.” त्यांचं बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण उत्तरांची नक्कल थांबली. घरातलं उदाहरण दुसऱ्याच्या घरातून आणता येत नाही.

पालक अजूनही विचारतात, “मॅडम, कुठलं ॲप घेऊ?” मी सांगते, घ्यायच्या आधी त्याचा फुकटचा एक पाठ मुलासोबत बसून बघा. तो मुलाला कुठे थांबवतो का, काही करायला लावतो का, ते पाहा. मग मोबाइल बाजूला ठेवून मुलाला म्हणा, आता मला शिकव.

यादीचं सांगायचं राहिलं. त्या पेपरनंतरच्या शनिवारी मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की ‘अनियमित’ म्हणून ज्यांची नावं मी टाकत होते त्यांच्याकडे दिवसा फोन नव्हता, हे मी आधी विचारायला हवं होतं, माझं चुकलं. लिहून झाल्यावर बराच वेळ बोट पाठवायच्या बटणावर तसंच होतं. ग्रुपवर दिवसभर कुणीच काही लिहिलं नाही. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी रिक्षावाल्या पप्पांच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. आवाज तिचा होता. “बाई, पुढचा धडा धाराविद्युतचा आहे ना? आमच्याकडं जुनी बॅटरी आहे. आणू का?”