कुजबुज टिपणारा कान

मुले काय करतात असे कुणी विचारले, तर आपल्या धर्मग्रामांतील आईबापांची उत्तरे तयार असतात : मुलगी परिचारिका आहे, मुलगा जहाजावर आहे, बँकेत आहे. माझी मुलगी काय करते हे सांगताना माझी जीभ मात्र अडखळते. ती बेंगळुरूला असते आणि ‘लो नॉइज ॲम्प्लिफायर’ नावाच्या मंडलाची रचना करते. त्याला ‘अल्परव प्रवर्धक’ म्हणता येईल, परंतु त्याने ऐकणाऱ्यावर दडपण येते, अर्थ काही कळत नाही. साध्या शब्दांत सांगायचे, तर मोबाइलच्या अँटेनातून आलेला संदेश ज्याच्या हाती प्रथम पडतो तो हा. सिलिकॉनच्या चिपेवर त्याच्या वाट्याला येणारी जागा मोहरीच्या दाण्याएवढीही नसते.

या कामाचे मर्म मला उमगले ते तिच्या आजीमुळे. माझी आई रोह्याला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या घरात एकटी राहत असे, मी पेणला. गाडीने कासू आणि नागोठणे ओलांडले की रोहा आले. अंतर ते केवढे! तथापि मधल्या डोंगरांना त्याचे काय? शेवटच्या दोन वर्षांत आईने हट्टच धरला होता, की संध्याकाळची जपमाळ तिघींनी मिळून फोनवर म्हणायची. रेडिओवर पूर्वी खरखर येई. हा नव्या काळचा फोन खरखरत नाही, तो शब्दच गिळून टाकतो. दहांपैकी तीन-चार ‘नमो मरिया’ अशा गडप होत. एके दिवशी आई वैतागून नातीला म्हणाली, “अगं, एवढी शिकलीस, तर तुझ्या त्या यंत्राला आवाज वाढवायला सांग ना!”

“आवाज वाढवणं सोपं आहे, आजी,” मुलगी म्हणाली. “पण चर्चमध्ये माइक पंख्याखाली ठेवला, तर फादरांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघरही त्यात शिरते ना? मग भोंगा मोठा केला की काय मोठं होईल?”

“दोन्ही,” आई म्हणाली. क्षणभर थांबून तिने पुस्ती जोडली, “आमच्याकडे घरघरच जास्त.”

खरोखर, सारे शास्त्र या उत्तरात आले. दुर्बल जागी फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी, किंवा त्याहूनही कमी असते. आणि गोंगाट कुठून येतो? थोडा बाहेरून; पण पुष्कळसा यंत्राच्या अंगातूनच. कोणत्याही विद्युतरोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन अखंड वळवळत असतात आणि त्या वळवळीचा एक मंद कल्लोळ उठतो. 1928 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. वस्तू जोवर उबदार आहे तोवर हा कल्लोळ शमत नाही. पुढे 1944 मध्ये फ्रीस यांनी दाखवून दिले, की प्रवर्धकांची साखळी असेल तर पहिल्या कडीचा गोंगाट पुरेपूर मोजावा लागतो. दुसरीचा मात्र पहिलीने जितके पट वाढवले असेल तितक्याने भागला जातो. पहिलीने शंभरपट वाढवले, तर दुसरीचा दोष शंभरावा हिस्साच उरतो. म्हणून सगळा जीव पहिल्या कडीत ओतायचा.

त्यातही एक पेच आहे. अँटेनाकडून आलेली शक्ती परत न फिरता आत यावी, यासाठी दाराशी ठरावीक विद्युतरोध दिसावा लागतो, बहुधा पन्नास ओहमचा. तिथे सरळ एक रोधक बसवला तर काम भागते. परंतु तो स्वतःच कल्लोळ करतो! यावर अभियंत्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. ट्रान्झिस्टरच्या एका पायाशी चिमुकले वेटोळे जोडायचे. त्यामुळे दाराशी रोध असल्यासारखा भासतो, पण रोधकाचा गोंगाट येत नाही. व्यवहारात ते वेटोळेही निर्दोष नसते, कारण चिपेवरचा धातू फार पातळ असतो. शिवाय बॅटरी जपायची, आणि शेजारच्या बलवान संदेशाने गुदमरायचे नाही. एक सुधारावे तो दुसरे बिघडते. मुलगी आठवडेच्या आठवडे याच ओढाताणीत असते.

याच विद्येचे भव्य रूप आपल्या महाराष्ट्रात पाहायला मिळते. नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. तिथे पहिले प्रवर्धक तबकडीच्या नाभीपाशीच, उंचावर बसवले आहेत. कारण आधी लांब तार आली तर तिच्यातच संदेश क्षीण होईल आणि तिचा गोंगाट पदरी पडेल. जागा निवडताना डोंगरांचा आडोसाही पाहिला गेला. शहरांचा रेडिओ-कोलाहल तिथे कमी पोहोचतो. आमच्या जपमाळेला आडवे येणारे डोंगर तिकडे असे उपकारक ठरले!

आपल्या वाचकांसाठी आणखी एक हकिकत सांगितलीच पाहिजे. 1964 साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन एका मोठ्या शिंगाकृती अँटेनावर काम करीत होते. त्यांचा प्रवर्धक द्रव हेलियमने थंड केलेला होता. तरीही एक बारीक गोंगाट उरतच होता, कोणत्याही दिशेला वळवा, तेवढाच. अँटेनात घरटे करणारी कबुतरे हाकलली, त्यांची घाण साफ केली, गोंगाट तसाच. आपल्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट किती, हे त्यांनी काटेकोरपणे मोजलेले होते, म्हणूनच उरलेला यंत्राच्या माथी मारता येईना. तो विश्वाच्या आरंभकाळचा अवशेष निघाला! 1978 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विश्व एका आदिम अणूतून उदयास आले, ही कल्पना 1931 सालीच मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. 1966 च्या जूनमध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्यांच्या कानी या शोधाची वार्ता घालण्यात आली.

नातीने हे सारे आजीला फोनवर सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले. कबुतरांवर ती हसली. विश्वाच्या आरंभाविषयी तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिने विचारले ते एवढेच, “त्या फादरांना शेवटचे संस्कार मिळाले होते ना?”

“शोधून सांगते, आजी,” मुलगी म्हणाली.

तोवर आई थांबणार नव्हती. त्या संध्याकाळी जपमाळेच्या अखेरीस तिने एक ‘नमो मरिया’ त्या फादरांसाठी वेगळी म्हटली, आणि ती मला पेणला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आली.